विहीणबाईंचे टक्के

माणूस समोर आला की आपण आधी त्याचा चेहरा पाहतो, मग कपडे पाहतो, आणि ओळख जुनी असेल तर डोक्यावर केस किती उरलेत तेही बघून घेतो. आमच्या विहीणबाई या भानगडीत पडत नाहीत. त्यांना समोरच्या माणसात मांस आणि चरबी या दोनच गोष्टी दिसतात, आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण काय, एवढाच प्रश्न पडतो. अख्ख्या संभाजीनगरात माणसाकडे इतक्या स्वच्छ नजरेनं पाहणारी दुसरी बाई नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. छातीवरच ठेवतो, कारण पोटावर ठेवला तर त्या लगेच आकडा सांगतील. त्यांचा फोन आला की आधी "जयभीम व्याही" येतं आणि त्याच श्वासात "कंबर किती भरली?" येतं. मुलीचं सासर म्हटलं की बापानं मानपान, रुसवेफुगवे, जेवणावळीतली नावं ठेवणं अशा चार गोष्टींची तयारी ठेवायची असते. ती मी ठेवली होती. पण विहिणीला दर रविवारी आपल्या कंबरेचा घेर कळवावा लागेल, हे लग्न ठरवताना दोन्ही बाजूंच्या एकाही वडीलधाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

विहीणबाई आणि व्याही यांचं गुलमंडीच्या मागच्या बोळात ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि बोळात डोकावणारी गॅलरी. व्याही कापड कापायचे आणि विहीणबाई शिवायच्या. कापणाऱ्याला मास्तर म्हणायची पद्धत असल्यामुळे सगळा बोळ व्याह्यांना मास्तर म्हणतो आणि मीही तेच म्हणतो. शिवणकामाच्या धंद्यात तारीख देणं हा बोलण्याचा एक गोड प्रकार असतो, हे कुठल्याही बाईला विचारा. "शुक्रवारी या" म्हणजे शुक्रवारी येऊन भांडा. पण विहीणबाईंनी तारीख दिली की त्या दिवशी ब्लाऊज हुकासकट तयार असायचा. ऐन लग्नसराईत लाइट गेली तर त्या मशीनची मोटर सोडवून पायानं मशीन मारायच्या आणि गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून काजं-बटणं करायला लावायच्या. बोळातले बाकीचे शिंपी या सवयीमुळे त्यांच्यावर कायम नाराज असत. एकानं तर मास्तरांकडे रीतसर तक्रार केली होती की वहिनींमुळे आमची गिऱ्हाइकं बिघडायलीत.

त्या काळातल्या विहीणबाई अंगानं चांगल्या गोल होत्या आणि त्याबद्दल त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. दिवसभर मशीनवर बसायचं, चार वाजता मास्तरांनी आणलेली इमरती दोघांत अर्धी-अर्धी करायची, आणि आलेल्या बाईच्या दंडाला फीता लावत "अशीच राहा, बारकी झालीस तर सगळे ब्लाऊज उसवावे लागतील" असा सल्ला द्यायचा. मग मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली. कात्रीचा हात गेला. जीभ जड झाली आणि शब्द एकेक करून, मोठ्या मुश्किलीनं बाहेर यायला लागले. दवाखान्यातून घरी आणल्यावर काही आठवड्यांनी मास्तर पलंग आणि न्हाणीघर यांच्या मध्ये चाकाच्या खुर्चीतून घसरून पडले. भर दुपार, बोळात कसली तरी वरात, बँड जोरात. विहीणबाईंनी त्यांना काखेत धरून उचलायचा प्रयत्न केला, मग पाठीमागून केला, मग हाका मारल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्या फरशीवर बसून राहिल्या, वरात संपून हाक खाली पोचेपर्यंत. पुढं एकदा त्या मला म्हणाल्या, "व्याही, कापडाचं आख्खं थान खांद्यावर घेऊन जिना चढले मी सारा जन्म. आन माझा मानूस मला फरशीवरून उचलंना." हे सांगताना त्या रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता, आणि तो स्वतःच्या दंडांचा आला होता.

आमचे जावईबापू पुण्याला असतात. बाराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, मदतीला माणूस ठेवायची ऐपत आहे, आणि आई-बापावर जीवही आहे. त्यांनी सांगितलं की दुकान बंद करा आणि बाबांना घेऊन इकडं या, परत पडले तर काय करणार आहेस. बोलणं खरं होतं. पण मास्तरांचं अर्धंमुर्धं बोलणं त्या बोळात सगळ्यांना कळत होतं. शेजारचा बांगडीवाला, खालचा फॉलबिडिंगवाला, चहावाला, सगळे येता-जाता वर डोकावून जात. मास्तरांनी नुसतं "च" म्हटलं तर चहा आणि भुवई उडवली तर 'आज धंदा कसा' हे त्यांना कळे. बाराव्या मजल्यावर कोण येणार होतं भुवई वाचायला? विहीणबाईंनी मुलाला सांगितलं, "तुझे बाबा तिथं मुके होतील. इथं ते बोलायलेत." त्यावर बरंच बोलणं झालं आणि शेवटी करार असा ठरला की दिवाळीला मुलगा येईल तेव्हा विहीणबाईंनी एकटीनं, कुणाचाही हात न लागता, मास्तरांना फरशीवरून उठवून खुर्चीत बसवायचं. जमलं तर इथंच राहायचं, नाही जमलं तर त्याच गाडीत बसून पुण्याला जायचं. विहीणबाईंनी तारीख दिली होती, त्यामुळे बोळातल्या कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती माझ्या मुलीला. तिनं मला फोन करून सांगितलं, "पप्पा, तुम्ही रिकामेच आहात, अधूनमधून जाऊन बघत जा, आई खरंच काय करायल्यात ते." वाळूजच्या कंपनीत मी आयुष्यभर तपासणी खात्यात काढलं होतं. निवृत्तीनंतर मला पहिलं काम मिळालं ते विहिणीच्या तपासणीचं.

बोळाच्या तोंडाशी एक जुनी तालीम होती, तिची आता जिम झाली आहे. चालवणारे एक पांढऱ्या दाढीचे पैलवान आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. विहीणबाई पहिल्या दिवशी लुगड्याचा काचा मारूनच तिथं गेल्या. उस्तादांनी विचारलं, "क्या होना बाजी?", म्हणजे काय पाहिजे ताई. त्यावर यांनी सांगितलं, "एक मानूस उचलायचाय." उस्तादांनी असले बरेच इरादे तरुण पोरांच्या तोंडून ऐकले होते, पण त्या पोरांना माणूस उचलून आपटायचा असे. यांना हळूच खुर्चीत ठेवायचा होता. उस्तादांनी त्यांना दुपारची वेळ दिली, जेव्हा जिम रिकामी असते, आणि उठाबशांपासून सुरुवात केली. पंधरवड्यात विहीणबाईंनी घराचीसुद्धा जिम केली. अस्तराची थानं छातीशी धरून त्या जिना चढत-उतरत. पाण्याचे कॅन दोन्ही हातांत घेऊन भाजी शिजेपर्यंत स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत. ब्लाऊज न्यायला आलेल्या बाईला "जरा थांब, माझा हा फेरा होऊ दे" असं सांगत.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण गुडघ्यांच्या डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून बजावलं होतं, आणि इतकी मेहनत करून काटा जागचा हलेना. तीन महिने तेच वजन. विहीणबाई भडकल्या. काट्यानं दिलेली तारीख पाळली नाही असं त्यांना वाटलं असावं. त्या काटा बगलेत मारून उस्तादांकडे गेल्या. उस्तादांनी काट्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "कायकू रोज तोलते बाजी? तुम क्या आटा है? चर्बी गई, गोश्त आया, काटे को क्या समझता? चर्बी कित्ते टक्के है वो देखो. तीस के नीचे आव, फिर मास्टर कू क्या, मास्टर के मशीन कू भी उठा लेते तुम." उस्तादांनी हे बोलता बोलता, कुणाच्या तरी पाठीवर थाप मारत सांगितलं होतं. विहीणबाईंनी ते दगडावर कोरून घेतलं. तीसच्या खाली. त्या दिवसापासून आमच्या दोन्ही घरांत टक्क्यांचं राज्य सुरू झालं.

मुलीनं पुण्याहून चरबी मोजणारा काटा पाठवला. त्याच्यावर अनवाणी उभं राहिलं की तळपायातून म्हणे बारीकशी वीज जाते आणि फोनवर आकडा येतो. पहिल्या आठवड्यात विहीणबाई पाय धुऊन, ओल्या पायांनी त्यावर उभ्या राहिल्या आणि आकडा भराभर उतरला. बोळात पेढे वाटायचे बाकी होते. मग एकदा कोरड्या पायांनी उभ्या राहिल्या आणि गेलेली सगळी चरबी सकाळच्या सकाळी परत आली. तेव्हापासून त्यांनी मोजणीला सोवळ्यासारखे नियम लावले. वेळ सकाळचीच, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, पाय कोरडे, फरशी तीच, परकर तोच. त्या वेळी दार वाजलं तर आतून आवाज येई, "थांबा, मी काट्यावर हाय." दूधवाला पिशवी दाराला अडकवून निमूट जाई. बोळातल्या बायकाही हळूहळू त्या काट्यावर येऊन उभ्या राहू लागल्या. काट्याला माणसं ओळखू येईनात आणि एका सकाळी त्यानं विहीणबाईंच्या फोनवर कळवलं की तुमचं वय कमी झालं असून तुमचे स्नायू कौतुकास्पद आहेत. ते स्नायू भाजीवाल्या मावशीच्या सुनेचे होते.

काट्यावरचा विश्वास असा डळमळल्यावर चिमटा आला. कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजायचं एक साधन असतं, आमच्या कंपनीत गोल दांड्याची जाडी मोजायला असायचं तसलंच, फक्त प्लॅस्टिकचं. आमच्या दोघांच्या एकुलत्या नातीचा वाढदिवस आमच्याकडे सिडकोत होता. विहीणबाईंनी पर्समधून चिमटा काढला आणि केक कापायच्या आधी, भरल्या घरात, माझ्या पोटाला लावला. लाज वाटली म्हणून मी जरा खात्यातला रुबाब दाखवला, म्हटलं, "एकदा मोजून भागत नाही विहीणबाई, तीनदा मोजून सरासरी काढायची असते." त्यांना ते एकदम पटलं आणि त्यांनी आणखी दोनदा लावला. आकडा त्यांनी मोठ्यानं सांगितला नाही. माझ्या बायकोच्या कानात सांगितला, आणि तिनं माझ्या हातातली केकची बशी काढून घेतली.

जेवणाच्या बाबतीत तर त्या मुलखावेगळ्याच झाल्या. पर्समध्ये रुमाल, चिमटा आणि दोन उकडलेली अंडी. एका लग्नात नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, होता. आमच्याकडे नानखलियाचं ताट पुढं आलं की शहाणीसुरती माणसं बोलायची थांबतात. विहीणबाईंनी चमच्यानं वरची लालभडक तर्री अलगद काढली आणि माझ्या वाटीत ओतली. "तुमचं तर आधीच बिघडलंय," त्या म्हणाल्या, आणि मांसाचे तुकडे तेवढे वेचून, मोजल्यासारखे चावून खाल्ले. घरी त्या अंड्याचा पांढरा भाग खात आणि पिवळा मास्तरांना भरवत. मटणातलं नरम-नरम चरबीचं मास्तरांना, सुकं आपल्याला. टाकून कसं द्यायचं, हा साधा हिशेब. याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. बसल्या जागी मास्तर बाळसं धरू लागले. गाल भरले, पोट सुटलं, आणि ज्यांना उचलायचं त्यांचंच वजन महिन्या-महिन्याला वाढू लागलं. विहीणबाईंनी एकदा माझ्याजवळ गाऱ्हाणं केलं, "मी एक किलो जास्त उचलायला शिकते, तंवर हे दीड किलोनं वाढत्यात. सांगा, ह्या शर्यतीत कुनी पुरं पडायचं?" पलंगावर मास्तर तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसत होते. दुसऱ्या दिवसापासून पिवळा भाग बोक्याला जाऊ लागला.

नुसती ताकद असून उपयोग नाही, उचलायची रीत असते, हे व्यायाम करवून घ्यायला घरी येणाऱ्या फिजिओबाईंनी सांगितलं. कुशीवर कसं वळवायचं, चांगला गुडघा कसा दुमडून घ्यायचा, खुर्ची कुठं ठेवायची, आणि कंबरेला पट्टा बांधून त्याला धरून कसं उठवायचं. पट्टा बाजारात मिळतो, पण तो शिवलेला बघून विहीणबाईंनी नाक मुरडलं. त्यांनी जाड कॅनव्हासचा पट्टा स्वतः शिवला, दुहेरी टाके घातले, धरायला चार कड्या लावल्या आणि कडेनं इंटरलॉकसुद्धा केलं. आता सराव कुणावर करायचा? मास्तरांच्या अंगाला सरावासाठी हात लावायचा नाही हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. माझं आणि मास्तरांचं वजन साधारण सारखंच निघालं, तेही त्यांच्याच काट्यावर. अशा रीतीनं, मुलीच्या सासरी ज्या माणसाला पाटावर बसवून जेवू घालायचं, तो माणूस सतरंजीवर उताणा पडला, कंबरेला पट्टा बांधून.

माझी बायको साक्षीला खुर्चीत बसली होती. तिला हसू आवरत नव्हतं. विहीणबाई माझ्याशेजारी गुडघा टेकून बसल्या आणि मला उजवी बाजू मेल्यासारखी ठेवायला सांगितलं. पण संकोचानं माझं अंग आपोआप उठायला बघे. "व्याही, तुम्ही मदत करायलात," त्या दम देत म्हणाल्या. "मास्तर मदत करायचे नाय. जीव सोडा." मी जीव सोडला. पहिल्यांदा त्यांनी मला बसतं केलं आणि आम्ही दोघंही मागं कलंडलो. दुसऱ्या रविवारी खुर्चीपर्यंत नेलं आणि खुर्चीच सरकली. त्या काळात माझ्या बरगड्यांवर पट्ट्याचे वळ उठलेले असत आणि मी मुलीला फोनवर कळवत असे की प्रगती समाधानकारक आहे. मग एका रविवारी त्यांनी श्वास घेतला, मला कुशीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पायावर घेतलं आणि अलगद खुर्चीत ठेवलं. अलगद म्हणजे खरोखरच अलगद. नेमकी त्याच वेळी एक बाई ब्लाऊजची ट्रायल द्यायला जिना चढून वर आली. तिनं विहीणबाईंच्या मिठीत व्याही पाहिला, टाळ्या वाजवणारी व्याह्याची बायको पाहिली, आणि "मी मंगळवारी येते" म्हणून आल्या पावली खाली गेली.

मी म्हटलं, झालं, आता मास्तरांवर करून बघा. विहीणबाई पट्टा गुंडाळत म्हणाल्या, "अजून तीसच्या खाली आले नाय." मी त्यांना परोपरीनं समजावलं की चरबीच्या टक्क्यानं माणूस उचलला जात नाही, हातानं उचलला जातो, आणि तो तुम्ही आत्ताच उचललाय. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पडला तर उठताल, व्याही." तेव्हा मला उलगडलं की त्या आकड्यामागं का लागल्या आहेत. त्यांना भीती वाटत होती. एकदा हातातून निसटलेला माणूस पुन्हा हातात घ्यायचा होता, आणि घे म्हणून सांगणारं कुणीतरी हवं होतं. नवऱ्याला ते सांगता येत नव्हतं, मुलगा सांगणार नव्हता, माझं त्या मानणार नव्हत्या. राहिला आकडा. मला त्या दिवशी त्यांची फार माया वाटली, आणि मी त्यांच्या हातचा बिनसाखरेचा चहा दोन कप प्यालो.

काटा आणि दर वेळी वेगळंच सांगणारा चिमटा दोन्ही बाद केल्यावर विहीणबाई आपल्या हक्काच्या हत्याराकडे वळल्या होत्या. फीता. गळा, कंबर आणि नितंब यांची मापं घ्यायची, उंचीसकट फोनमध्ये घालायची, फोन टक्का सांगतो. जन्मभर ज्यांनी बायकांची मापं घेतली त्यांना यात काय अवघड? आकडा अडतीसपासून निघून हळूहळू खाली येत होता. आकडा खरा नसतो, त्याची चाल खरी असते, एवढं ज्ञान त्यांना उस्तादांकडून मिळालेलं होतं, आणि चाल चांगली होती. पण श्रावण गेला, गणपती गेले, आणि आकडा तेहतीसवर येऊन बसला तो उठेना. अंड्यांची संख्या वाढली, कॅनच्या जागी सिमेंटनं भरलेलं डबडं आलं, तरी तेहतीस. दिवाळी तोंडावर आली, गुलमंडीत पाय ठेवायला जागा उरली नाही, ब्लाऊजच्या गठ्ठ्यांनी जिना अडला, आणि विहीणबाई पहिल्यांदाच गप्प दिसू लागल्या. जावईबापूंचा फोन आला की गाडी कितीला घेऊन येऊ, तर त्यांनी "ये की" एवढंच म्हटलं.

त्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम सकाळी बोलावलं, फीत्यावरचा आकडा दुसऱ्या डोळ्यांनी वाचायला. त्यांच्या अंगात आमच्या कंपनीच्या सुरक्षा सप्ताहाचा टी-शर्ट होता, मीच दिलेला. मास्तर पलंगावर उशाला टेकून बसले होते. विहीणबाईंनी आरशापुढं उभं राहून गळ्याचं माप घेतलं, मग कंबरेला फीता वेढला. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "बोट." आम्ही दोघंही वळलो. मास्तर डावा हात उचलून विहीणबाईंच्या कंबरेकडे दाखवत होते. त्यांनी श्वास गोळा केला आणि म्हणाले, "बोट... काढ."

विहीणबाईंनी खाली पाहिलं. फीत्याच्या आत त्यांची दोन बोटं होती. ब्लाऊजचं माप घेताना फीत्याखाली दोन बोटं घालायची असतात, नाहीतर बाईनं पहिला मोठा श्वास घेतला की हुक तुटतात. गळ्याला तशी बोटं घालत नाहीत. त्यामुळे गळा होता तेवढाच भरे, आणि कंबर व नितंब मात्र दोन-दोन बोटं जास्त, म्हणून टक्काही जास्त. हजारो बायकांच्या अंगावर जी बोटं घातली ती आता घालावी लागत नसत, आपोआप जात. इतके महिने विहीणबाई स्वतःला ब्लाऊजचं माप लावत होत्या, श्वास घ्यायला जागा सोडून.

त्यांनी बोटं काढली, फीता नीट अंगालगत धरला आणि मला वाचायला लावला. मग नितंबाचं माप. फोननं सांगितलं एकोणतीस आणि वर काहीतरी. त्यांनी पुन्हा घेतलं, आणि पुन्हा एकदा. तेच आलं. मग त्या कंबरेवर हात ठेवून मास्तरांकडे वळल्या. "रोज बगायलात इथं बसून. इतके दिस बोलला कामून नाय?"

मास्तरांना वेळ लागला. आम्ही थांबलो. "मला वाटलं," ते म्हणाले, "ब्लाऊज... शिवायलीस."

विहीणबाई हसायला लागल्या आणि हसता हसता पलंगाच्या कडेला बसल्या. मास्तर हसत होते, मी हसत होतो, खालून बांगडीवाला काय झालं म्हणून विचारत होता. मग हसणं ओसरलं, आणि त्यांनी पदर नव्हता म्हणून टी-शर्टच्या बाहीनंच डोळे पुसले. "येऊ द्या आता पोराला," त्या म्हणाल्या.

जावईबापू आणि माझी मुलगी दिवाळीत आले. गाडी बोळाच्या तोंडाशी उभी केली आणि सामान उतरवलं नाही, ते माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि जावईबापूंनी मास्तरांना धरून सतरंजीवर बसवलं आणि बाजूला झालो. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती. विहीणबाईंनी पट्टा बांधला, ओढून पाहिला, एक गुडघा टेकला. पहिल्या वेळी मास्तरांचा उजवा पाय मुडपला आणि ते परत खाली बसले. जावईबापू पुढं धावले. विहीणबाईंनी मान न वळवता सांगितलं, "हात मागं, लेकरा." त्यांचा आवाज शांत होता, पण मानेवरची शीर मला दिसत होती. त्यांनी मास्तरांचा पाय आपल्या पायानं अडवून नीट केला, कड्यांमध्ये बोटं घट्ट बसवली, मास्तरांच्या कानात काहीतरी म्हणाल्या, आणि उठल्या. मास्तर त्यांच्याबरोबर उठले. हळूहळू, थरथरत, पण पूर्ण उठले.

आता वळून खुर्चीत बसवायचं, एवढंच राहिलं होतं. पण त्या वळल्या नाहीत. झटका आल्यापासून मास्तरांना आम्ही सगळ्यांनी पडलेलं किंवा बसलेलं पाहिलं होतं. दवाखान्यात नेताना-आणताना दोघा-तिघांनी झोळीसारखं उचललेलं पाहिलं होतं. सरळ उभे राहिल्यावर ते विहीणबाईंपेक्षा चांगले दीड वीत उंच निघाले. विहीणबाई पट्टा धरून मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या.

"केवढे उंच हायेत ओ तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी तर इसरूनच गेले होते."

मास्तरांचा डावा हात त्यांच्या खांद्यावर होता. जावईबापू गॅलरीत जाऊन बोळाकडे तोंड करून उभे राहिले. माझ्या मुलीनं माझा दंड धरला. खुर्चीत बसवायला विहीणबाईंनी बराच वेळ घेतला, आणि तेवढा वेळ कुणीही त्यांना घाई केली नाही.

गाडी विहीणबाई आणि मास्तरांविनाच पुण्याला गेली. जाताना जावईबापूंनी आईला वाकून नमस्कार केला आणि तो पट्टा हातात घेऊन, उलटासुलटा करून पाहिला. विहीणबाई आता रोज संध्याकाळी मास्तरांना गॅलरीत उभं करतात, थोडाच वेळ. खालचे लोक वर बघून हात करतात. मी एकदा न राहवून त्यांना विचारलं की डॉक्टर म्हणतात पुन्हा झटका येऊ शकतो, वय तर दोघांचंही वाढणारच, कितीही अंडी खाल्ली तरी एक दिवस टक्का चढायला लागेल, मग काय करायचं. विचारून झाल्यावर वाटलं की विचारायला नको होतं. विहीणबाईंनी मास्तरांच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

"हात थकंल तवा थकंल, व्याही," त्या म्हणाल्या. "आज तर उभे हायेत."